चार ठिपक्यांत एक रंग

आमच्या घराच्या काठाचा क्रम आमच्या घरात कोणालाच पाठ नव्हता. हे मी सांगतो तेव्हा लोकांना खोटं वाटतं. पिढ्यान् पिढ्या एकच काठ विणणारी माणसं, आणि कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग येतो हे त्यांना सांगता येऊ नये? पण खरंच येत नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, एक लुगडं विणून झालं की मागावरून कापताना बाबा वीतभर ताणा, म्हणजे उभे धागे, मागेच सोडायचे. फणीच्या दातांतून ओवलेली ती टोकं तशीच लोंबत राहायची. पुढच्या लुगड्याचा ताणा तयार झाला की बाबा आणि माय समोरासमोर बसून नव्या धाग्याचं टोक जुन्या टोकाला चिमटीत पिळून जोडायचे. लालला लाल, हिरव्याला हिरवा, जांभळ्याला जांभळा. याला सांधणी म्हणतात. म्हणजे माझ्या आज्याच्याही आधी कोणीतरी लावलेला क्रम, मधे कुठेही खंड न पडता, आमच्या पुढच्या खोलीत फणीतून लोंबत होता. आम्ही येता-जाता त्याला डोकं आपटायचो.

आमचं गाव आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेपासून फार लांब नाही. जंगलात येनाच्या झाडांवर ढिवर लोक रेशमाचे कोसे पोसायचे आणि आमच्याकडे त्याचं लुगडं व्हायचं. अंग कोशाचं, काठ सुती. काठ करवती, म्हणजे अंगाला लागून करवतीसारखे दात, आणि दातांच्या बाहेर दोन बोटं रुंदीत उभ्या रेघा. लाल, हिरवा, जांभळा आणि काताच्या रंगाचा कत्थी. कुठे दोन धाग्यांची रेघ, कुठे तीन, कुठे एकाच धाग्याची. विणकरांच्या प्रत्येक घराच्या रेघा वेगळ्या. दुरून सगळे काठ सारखेच दिसायचे, पण बाबा आठवडी बाजारात एखाद्या बाईच्या मागून चालताना हळूच सांगायचे की हे लुगडं अमक्या घरच्या मागावरचं. मला वाटायचं, म्हातारा थापा मारतो.

आणि एक गोष्ट. कोशाचं लुगडं आमच्या घरात एकही नव्हतं. विणलं की नागपूरचा व्यापारी घेऊन जायचा. माय जन्मभर सुती पातळ नेसली. बाबांना याचं काही वाटत असेल असं मला कधी वाटलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मी मागावर बसलो नाही. नव्वदच्या सुमारास ब्रह्मपुरीला एका फोटो स्टुडिओत काम शिकलो, मग लग्नाच्या शूटिंगला जायला लागलो. तेव्हाचा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, मुलाएवढा जड. पुढे डिजिटल आलं. तळहातावर मावणारा कॅमेरा, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट, आणि ती कॉम्प्युटरला जोडून तिची सीडी करायची. वडसा, नागभीड, सिंदेवाही, थेट सिरोंच्यापर्यंत मी लग्नं केली. तेलुगू लग्नांत हळदीचा पिवळा असायचा, बौद्ध लग्नांत पांढरी साडी आणि मागे निळी पताका. सीडीत नवरीच्या लाल शालूचा रंग कडेने थोडा सांडून शेजारच्या भिंतीवर जायचा, हे मला दिसत होतं. पण कोणाची तक्रार नव्हती. लोक त्यात स्वतःला शोधायचे, आणि स्वतः सापडले की खूश व्हायचे. मग मी तरी कशाला डोकं खपवू?

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. बाबांचे गुडघे गेले. खड्ड्यातल्या मागावर पाय सोडून बसायचं आणि उठायचं त्यांच्याने होईना. आणखी एक लुगडं विणून थांबायचं, असं त्यांनीच ठरवलं. मला तर हवंच होतं. पुढची खोली रस्त्याला लागून होती, तिथे कॉम्प्युटर मांडायचा, काचेचं दार बसवायचं, वर पाटी लावायची, हे माझं कधीचं स्वप्न. पण मी काही निर्दय नव्हतो. मी म्हटलं, बाबा, शेवटच्या लुगड्याची मी शूटिंग घेतो. सगळं त्यात राहील.

आणि घेतलीसुद्धा. दोन दिवस घेतली. बाबांचे हात, धोट्याची ये-जा, मायची सांधणी. लुगडं विणून झाल्यावर ते अंगणात खाटेवर पसरलं आणि दिवसाच्या चांगल्या उजेडात काठावरून कॅमेरा सावकाश फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकं मन लावून मी कोणाच्या लग्नातही काम केलं नव्हतं.

सीडी झाली तेव्हा सगळ्यांना बसवून दाखवली. माय स्वतःचे हात बघून लाजली. धाकटी बहीण तेव्हा कॉलेजात होती, ती म्हणाली, दादा, बाबा एकदम हिरो दिसतात. बाबा मात्र काठ आला तसे उठले आणि गुडघ्यावर हात ठेवून टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतके जवळ जाऊन उभे राहिले.

"काठ मातकट दिसून राह्यला," ते म्हणाले. "रंग कुठी आहे यात?"

मी हसलो. टीव्ही जुना आहे म्हटलं, आणि रिमोटने रंग वाढवला. लाल भडक झाला, शेजारच्या दातांवर सांडला.

"रंग वाढला," बाबा म्हणाले. "रेघ नाई आली."

मी म्हटलं, बाबा, हे डिजिटल आहे, यात काही जात नसते. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मशीनच्या बाबतीत ते मला मानायचे. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

लुगडं व्यापाऱ्याकडे गेलं. माग उचलायच्या दिवशी बाबांनी एकच गोष्ट मागितली. फणी धाग्यांसकट काढायची आणि खुंटीला टांगून ठेवायची. "टोकं राहू दे," ते म्हणाले. मला ते धूळ खाणारं, उंदरांना बोलावणारं जंजाळ काचेच्या दाराच्या खोलीत नको होतं. शिवाय गल्लीतल्या एका विणकराला फणी हवी होती. मी म्हटलं, बाबा, सीडीत आहे ना सगळं, केव्हाही बघून घ्या. आणि कात्री घेऊन मी स्वतः ती टोकं कापली, धागे फणीतून ओढून काढले. सगळ्या रंगांचा मिळून मूठभर गुंता झाला. मायने तो चुलीजवळ टाकला. बाबा अंगणात बसले होते, त्यांनी आत वळून पाहिलं नाही.

दोन वर्षांनी बहिणीचं लग्न जमलं. नवरा मुलगा वरोऱ्याला नोकरीला होता, माणसं चांगली होती. पत्रिका छापायला टाकल्या त्या दिवशी बाबा जेवताना म्हणाले की पोरीचं लुगडं मी विणीन. गुडघ्यांचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, "आपल्या काठाचं एक तरी लुगडं घरच्या बाईच्या अंगावर दिसू दे. तुह्या मायले नाई जमलं. हिले तरी." माय ताटाकडे बघत राहिली. म्हणजे इतकी वर्षं त्यांच्या मनात ते होतंच, आणि मला पत्ताच नव्हता.

गोठ्यातली जागा साफ करून माग पुन्हा मांडला. खड्ड्यापाशी मी लाकडी पायरी करून दिली. फणी परत मागून आणली. कोसा आला, सूत रंगवून आलं. काठाचा ताणा लावायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, लाव तुही सीडी.

मी ऐटीत लावली. काठ आला तिथे थांबवली. बाबा स्टुलावर बसले, हातात चार रंगांच्या लडी. कडेचा लाल त्यांना ठाऊक होता, दाताजवळचा जांभळा ठाऊक होता. मधलं मी वाचून सांगायचं होतं. मी पडद्याजवळ गेलो. रेघा होत्या. एकूण एक रेघ दिसत होती, मोजता येत होती. पण रंग नव्हता. मधल्या सगळ्या रेघांवरून एकच तपकिरी पाणी फिरवल्यासारखं दिसत होतं. हा कत्थी आहे का लाल आहे का हिरवा, काही म्हणजे काहीच सांगता येईना. मी मागे केलं, पुढे केलं. दुसऱ्या जागी थांबवलं. तेच. कॉम्प्युटरवर तेच चित्र मोठं करून पाहिलं, तर नुसते मळकट चौकोन. बाबा लडी मांडीवर घेऊन बसलेले.

मी सीडी खिशात घातली आणि वडशाला गेलो. तिथे टीव्ही दुरुस्त करणारे एक भाई होते. मुसलमान, साठीचे, काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या जमान्यापासून हातात सोल्डरिंगची सळई धरलेले. माझा कॅमेरा बिघडला की मी त्यांच्याकडेच जायचो. मला वाटलं, सीडी खराब निघाली असेल, ते काहीतरी करतील. त्यांनी सीडी लावली, चित्र थांबवलं, आणि टीव्हीचा रंग पूर्ण काढून टाकला. काळ्या-पांढऱ्यात प्रत्येक रेघ धारदार उभी राहिली. मग रंग परत आणला. रेघांवर पुन्हा ते तपकिरी पाणी. त्यांनी मान हलवली आणि एका जुन्या बिलाच्या पाठीमागे चार चौकोन काढले, दोनावर दोन.

"देख भाऊ," ते म्हणाले. "उजेड ह्या चारही ठिपक्यांले आपापला भेटते. रंग मात्र चौघांत मिळून एकच. चार घरांत एक नळ, समझ."

मी विचारलं, काऊन? ते म्हणाले, जागा वाचते. एका सीडीत तासाभराचं लग्न कोंबायचं म्हणजे काहीतरी फेकावंच लागते. उजेड फेकला तर माणूस लगेच ओरडतो, चेहरा फुटला म्हणतो. रंग फेकला तर कोणाला समजत नाही. डोळा उजेडाचं बारीक बघतो, रंगाचं बारीक बघत नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलं. लाल ठिपका आणि हिरवा ठिपका शेजारी आले की दोघांचा मिळून मधला कुठला तरी रंग लिहायचा. टीव्हीवरही हेच, सगळीकडे हेच.

मी म्हटलं, मग तो फेकलेला रंग काढता येईल का परत? भाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "जो लिहिलाच नाही तो कुठून काढू?" ते म्हणाले.

दहा-बारा वर्षं हा धंदा करत होतो. लोकांना रंगीत आहे, हुबेहूब आहे, जन्मभर राहील असं सांगून विकत होतो. आणि चारांतले तीन रंग मी घेतच नव्हतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, माझ्या एकाही गिऱ्हाइकाला दिसलं नव्हतं. एकाच माणसाला दिसलं होतं. पहिल्याच दिवशी, काचेला नाक लावून, त्याने मला सरळ विचारलं होतं की यात रंग कुठे आहे. आणि मी त्याला डिजिटल शिकवलं.

भाईंनी मग कॅसेटचं विचारलं. सीडी म्हणजे गाळून गाळून उरलेलं, कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेटवर रंग कमीच असतो पण याच्यापेक्षा बराच जास्त, तिच्यात कदाचित सापडेल. आणि मला तेव्हाच आठवलं. कॅसेट महाग यायच्या. एक लग्न सीडीवर उतरलं की तीच कॅसेट आम्ही दुसऱ्या लग्नाला वापरायचो. तरी घरी जाऊन मी सगळ्या डब्या उलथ्या केल्या. बाबांची कॅसेट सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात बाबांचं नाव खोडून सिंदेवाहीच्या एका नवरदेवाचं लिहिलं होतं. चालवून पाहिली. वरातीत लोक नाचत होते.

व्यापाऱ्याला फोन केला. त्याने लुगडं दिल्लीच्या कुठल्या प्रदर्शनात दिलं होतं, तिथून कोणी नेलं त्याला माहीत नव्हतं. त्याआधीची लुगडी? तो हसला. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, तुमचा काठ तुमच्याच फणीत असणार ना. त्यांचं बरोबरच होतं.

शेवटी बाबांना सांगितलं. सगळंच सांगितलं, चार ठिपक्यांचं, कॅसेटचं. मला वाटलं ते चिडतील, निदान हात तरी उगारतील. त्यांनी फक्त एक विचारलं. लोकांना दिसत नाही म्हणून रंग फेकून द्यायचा, हे कोणी ठरवलं? मी म्हटलं, बनवणाऱ्यांनी. ते म्हणाले, ठीक आहे, रेघा तर आहेत ना.

मग आठ दिवस आम्ही दोघं त्या पडद्यासमोर बसलो. मी रंग काढून टाकायचो आणि रेघा वाचायचो. फिकट, दोन धागे. गडद, एक. गडद, तीन. बाबा डोळे मिटून बोटांनी हवेत सांधणी करायचे आणि एक रंग सांगायचे. कधी पटकन सांगायचे. कधी लडी उचलून खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच गडद, तिथे उजेड काही कामाचा नव्हता. तिथे ते मायला हाक मारायचे. माय म्हणायची, माह्या बाजूनं हिरवा यायचा वाटते. वाटते. चाळीस वर्षं एकेका धाग्याला हात लावलेली ती दोन माणसं अंदाज करत बसली होती, आणि टोकं मी कापली होती.

लुगडं झालं. उन्हात खाटेवर पसरलं तेव्हा गल्ली जमा झाली. सुरेख झालंय, सगळे म्हणाले. व्यापारीही सहज आला होता, तो म्हणाला, तोच जुना काठ, अगदी तोच. बहीण तर ते छातीशी धरून रडली.

लग्नात मी शूटिंग केली नाही. कॅमेरा दुसऱ्याकडे दिला. दुपारची वेळ होती, मांडवाच्या कडेने ऊन येत होतं, बहीण ते लुगडं नेसून पाहुण्यांच्या पाया पडत आमच्यापर्यंत आली. बाबांच्या पायाशी वाकली तेव्हा पदराचा काठ त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, उन्हाकडे फिरवला, आणि बराच वेळ पाहिला. ती पुढे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हा आपला नाई," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्या कोणाले नको सांगू. पोरगी खूश आहे."

मी मान हलवली.

"पण तुले दिसते ना?" त्यांनी विचारलं. "तुह्या नजरेले समजून राह्यलं ना, हा आपला नाई म्हणून?"

मी मांडवात फिरणाऱ्या बहिणीकडे पाहिलं. शेवटचं लुगडं मी दोन दिवस डोळ्यांसमोर धरलं होतं. जन्मल्यापासून तो काठ त्या खोलीत माझ्या डोक्याला लागत होता. मी खूप निरखून पाहिलं. मला तो काठ तसाच दिसत होता. अगदी तोच.

"दिसते, बाबा," मी म्हणालो.

"मंग बरं आहे," ते म्हणाले, आणि किती दिवसांनी खुर्चीला पाठ टेकून बसले. "तुह्या डोळ्यात तरी राह्यला."